कोरा कान

सोनारानंच कान टोचावेत म्हणतात. इथे टेक्सासमधल्या अर्विंगमध्ये ते काम मॉलमधली पोरगी करते, म्हणून आमच्या केयाचं राहूनच गेलं. मी सॉफ्टवेअर टेस्टर. पुराव्याशिवाय काही मानत नाही. कान टोचल्यानं मुलीचं काय भलं होतं, याचा पुरावा आईनं मला कधी दिला नाही.

लाँग वीकेंडला माझी बायको हिमानी, मी आणि सहा वर्षांची केया सॅन अँटोनिओच्या खाली एका जुन्या स्पॅनिश रँचचे अवशेष बघायला गेलो. पडक्या दगडी भिंती, निवडुंग, रणरणतं ऊन. गुरं कुठेच नव्हती, तरी ताज्या शेणाचा वास येत होता. फलकावर लिहिलं होतं: इथल्या गुरांच्या डाव्या कानाला खाच पाडत. ज्याला खूण नाही, ते जनावर राजाचं.

"म्हणजे आपली केया राजाची," मी म्हणालो.

हिमानी हसली नाही. "काहीतरीच बोलू नकोस यार."

भिंतीच्या सावलीत गवती हॅट घातलेला एक म्हातारा बसला होता. मघाशी तिथे कुणी नव्हतं, निदान मला तरी दिसलं नव्हतं. त्यानं हिमानीचे कान पाहिले. मग माझे, लहानपणी टोचलेली भोकं बुजलीत, पण दिसतात. मग केयाचे. त्याच्या स्वतःच्या डाव्या पाळीला खाच होती.

"ही कुणाची?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"आमची."

"खूण कुठाय?"

केया त्याच्याकडे चालू लागली. हिमानीनं तिला उचललं आणि आम्ही गाडी गाठली. मी घाबरलो होतो, आणि कशाला ते कळत नव्हतं.

"आज कान टोचूनच घरी जायचं," हिमानी म्हणाली. मी वाद घातला नाही. वाटेतला पहिला मॉल गाठला.

दुकानातल्या पोरीनं केयाचे केस मागे सारले. "ही खाच जन्मापासूनची का?"

डाव्या पाळीला होती. जुनी, भरून आलेली.

"सकाळी नव्हती ही," मी म्हणालो.

हिमानी माझ्याकडे बघत राहिली. "असं काय करतोस? पहिल्यापासूनच आहे तिला."

"बाबा, यू आर बीइंग वीअर्ड," केया म्हणाली.

मी फोन काढला. पुरावा होता माझ्याकडे. बारशाचा फोटो: माझी बहीण आश्लेषा पाळण्यावर वाकून केयाच्या कानात नाव सांगतेय.

फोटो सापडला. पाळणा तोच, झेंडूच्या माळा त्याच. बायका हसत हसत पाठीत धपाटे घालत होत्या. आश्लेषा त्या बायकांतच उभी होती.

पाळण्यावर वाकली होती गवती हॅट.