उजवीकडची कोरी चौकट

दिवा राहू द्या तसाच, पोरांनो. ही झाडावरच्या हडळीची गोष्ट नाही, कॉम्प्युटरवरची आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

आपल्या साप्ताहिकाची पानं लावतो ना, त्याला सगळे 'बॉर्डर' म्हणतात. जाहिरातीभोवतीची रेघ केसभर सरकली तरी याचा जीव खालीवर. बायकोही त्याच कामातली, शेजारच्या खुर्चीवर. पानं आपोआप लागावीत म्हणून सगळे साचे तिनंच बनवलेले. मजकुराच्या वर एक शब्द टाकायचा, 'वाढदिवस' नाहीतर 'निधन'. पुढचं सॉफ्टवेअर बघतं. साचा निवडतं, फोटो चौकटीत बसवतं, मजकूर खाली. एकदा बॉर्डरनं शब्द चुकवला आणि एका पुढाऱ्याचा वाढदिवस काळ्या चौकटीत छापून आला! मालकानं त्याला फैलावर घेतलं आणि ही बाई तोंडात पदर कोंबून हसत होती.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. मागे सात वर्षांची पोर.

तो शनिवार होता. रविवारच्या अंकात पाचव्या पानावर, खाली, तिच्या निधनाची बातमी जायची होती आणि ती दुसऱ्या कुणाच्या हातून लागू नये, एवढंच बॉर्डरचं म्हणणं. पोरीला तिच्या आत्याजवळ झोपवलं. पोर विचारते, "बाबा, तुम्ही परत याल ना?"

"हा गेलो आणि हा आलो," म्हणाला आणि निघाला.

मी खाली छापखान्यात पानाची वाट बघत होतो. वर काय झालं ते त्यानं पहाटे मला सांगितलं, तसंच सांगतो.

पावणेबारा झाले होते. त्यानं मजकूर टाइप केला, वर 'निधन' लिहिलं, तिचा फोटो जोडला. काळी चौकट आली. पण एक नाही, दोन. डावीकडे ती, हसरी. उजवीकडची कोरी.

असा साचा तिनं कधी बनवलाच नव्हता.

आपलीच चूक असेल म्हणून त्यानं पान पुसलं. पुन्हा लावलं.

पुन्हा दोन.

तिसऱ्यांदा लावलं आणि उजव्या चौकटीत काहीतरी उतरायला लागलं. वरून खाली. सावकाश. केस... कपाळ... चष्मा...

त्याचाच.

शेजारची खुर्ची किंचित फिरली. त्याच्याकडे.

खरं सांगू? तो म्हणतो, भीती वाटली नाही. जावंसंच वाटलं. तिच्याशिवाय घर खायला उठत होतं. आता नुसतं बसून राहायचं, फोटो पुरा होऊ द्यायचा... की सुटलो.

नाक उतरलं. ओठ उतरले.

"अगं..." तो म्हणाला.

फोटो उतरतच होता.

"पोरीला सांगून आलोय गं. परत येतो म्हणून. ती एकटी पडेल."

फोटो थांबला. हनुवटीपाशी.

मग पुसला जायला लागला. खालून वर. ओठ... चष्मा... कपाळ. चौकट कोरी झाली. खुर्ची हळूच टेबलाकडे वळली, काम संपवून उठताना ती सरकवून ठेवायची तशी. बॉर्डर कीबोर्डवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडला.

कोरी चौकट काही केल्या निघेना. अंक तसाच छापला. मालक भडकला, पुढच्या आठवड्यात त्या जागी गादीवाल्याची जाहिरात बसवली. स्क्रीनवर होती. छपाईच्या प्लेटवरही होती, मी या डोळ्यांनी पाहिली. कागदावर मात्र... कोरं. तेव्हापासून दर अंकात तसंच. लोकांना वाटतं, जाहिरात मिळाली नसेल.

बॉर्डर बरा आहे. पोरीची वेणी आता त्याला नीट घालता येते. पण नवा अंक हातात आला की आधी पाचवं पान उघडतो आणि त्या जागेवरून बोट फिरवतो.

हा घ्या आजचा. जपून, शाई ओली आहे. पान पाच... खाली, उजवीकडे.