मायराची धडधड

“दिवा लागत नाही, अशी तक्रार आहे का?”

“नाही. लागतो, अशी आहे.”

महापालिकेच्या दिवाबत्ती विभागात टेबलामागच्या तरुण इंजिनिअरने मान वर केली. समोर प्रियदर्शनी उभी… उन्हातून स्कूटर दामटत आलेली, गाल लालबुंद, आणि सगळी चूक याच माणसाची आहे असा चेहरा.

“मॅडम, दिवा लागतोय म्हणून रडत आलेल्या तुमी पहिल्याच.”

“मी रडत नाहीये! तुमचा नवा दिवा थेट आमच्या गच्चीवर उजेड टाकतो. मला मायरा दिसत नाही.”

“मैत्रीण हाय का?”

“तारा आहे.”

“व्हय का? मग तर दिव्याचंच चुकलं की.”

भांडायला आलेली प्रियदर्शनी खुदकन हसली. तिथेच सगळं बिनसलं म्हणायचं.

त्याचं नाव बिरुदेव. माळशिरसकडचा, घरी मेंढरं, शिक्षण मात्र सोलापुरात. दुसऱ्याच दिवशी त्याने दिव्याला पत्र्याची झापड बसवली, आणि ती नीट बसली का हे बघायला संध्याकाळी जुळे सोलापुरातल्या तिच्या गच्चीवर आला. पुढे ती झापड इतक्यांदा तपासली गेली की, प्रियदर्शनीच्या आईने काही विचारायचं सोडून देऊन चहाचं आधणच वाढवलं.

मायरा हा प्रियदर्शनीच्या एम.एस्सी.च्या प्रकल्पाचा तारा. म्हातारा, तांबडा, अवाढव्य. तो फुगतो, आकसतो, मंदावतो, पुन्हा उजळतो. दुर्बिणीतून त्याला बघायचं, शेजारच्या ताऱ्यांशी ताडून त्याच्या तेजाचा आकडा लिहायचा. दोघांनी बघितलं तर फारच चांगलं. नियम एकच, दुसऱ्याचा आकडा आधी ऐकायचा नाही. बिरुदेवही आकडे सांगू लागला, आणि दोघांचे आकडे कसे अगदी जुळायचे! किती छान बघतो हा, असं तिला वाटायचं. बघण्यासारखं आणखीही काही तो बघायचा, पण ते ती आकाशाकडे तोंड करून, न कळल्यासारखं दाखवायची.

“पर ह्या ताऱ्याला वारा सुटतो म्हणता, तो कसा?” एकदा बशीतला चहा फुंकत त्याने विचारलं.

“प्रत्येक ठोक्याला त्याचा वरचा थर वर फेकला जातो. पण तेवढा जोर पुरत नाही, तो परत खाली यायला लागतो.”

“अरारा.”

“ऐका तर! वर गारवा असतो. तिथे धूळ तयार होते. मग ताऱ्याचा उजेडच तिला ढकलतो, आणि ती धूळ सगळ्या वायूला ओढून बाहेर नेते. तो वारा.”

“म्हंजे नुस्ती धडधड असून भागत न्हाय.”

“नाही भागत,” ती हळूच म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले… आणि त्याने उरलेला चहा पिऊन टाकला. त्या रात्री प्रियदर्शनी नुसती कूस बदलत राहिली.

तशात बेंगळुरूहून पत्र आलं. पीएच.डी.साठी तिची निवड झाली होती, रविवारपर्यंत कळवायचं होतं.

“जाऊ का?” तिने विचारलं. जीव कानांत आला होता.

“जावा की. तुमचं बरोबर हाय.”

तुमचं बरोबर हाय! ती काही बोललीच नव्हती, मग बरोबर काय होतं? तिचं जेवणात लक्ष लागेना, पुस्तकात लागेना. त्यात तिच्या सरांनी फोनवर विचारलं, “तुमचे आकडे इतके कसे जुळतात? एकच माणूस दोनदा बघतोय की काय?”

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लिहिताना आकडा पुटपुटायची तिला सवय होती.

संध्याकाळी तिने दुर्बिणीतून पाहिलं. मायराच्या तेजाचा आकडा साडेसहाच्या आसपास होता. ती मुद्दाम पुटपुटली, “पाच.”

“तुमचा?” दुर्बीण बिरुदेवच्या हातात देत तिने विचारलं.

“पाचच की.”

प्रियदर्शनीचे डोळे भरून आले. “माझंच ऐकून सांगता तुम्ही! पहिल्यापासून!”

बिरुदेवचा चेहरा पडला. “आकडा जुळला की तुमी हसायच्या… म्हणून.” एवढंच बोलून तो जिना उतरून गेला.

त्याचे सगळे आकडे तिला काढून टाकावे लागले. त्याचं दुःख नव्हतं. ‘जावा की’ हेही तिचाच कल ओळखून म्हटलं असेल, तर त्याच्या मनात काय होतं? ते कळल्याशिवाय बेंगळुरूला हो म्हणवेना, नाही म्हणवेना. तो येईना. ती दिवसातून दहादा गच्चीवर जाऊन यायची, आणि आई विचारायची, “आता काय वाळत घातलंयस वर?”

रविवारी दिवेलागणीला तो आला. त्याने दुर्बीण उचलली, बराच वेळ पाहिलं. तिने तोंडावर हात घट्ट दाबून धरला होता.

“सहा,” तो म्हणाला.

“माझा सहा पूर्णांक चार.”

“ऱ्हाऊ दे. मला सहाच दिसतो.”

“आणि बेंगळुरू?” तिने विचारलं.

“जावा. हे माझंबी मत हाय. पर तुमी गेल्यावर मला हितं करमायचं न्हाय, हेबी माझंच हाय. सुट्टी घिऊन येत जाईन, तुमी नगं म्हणला तर न्हाय येणार. मला तुमी लई आवडता, प्रियदर्शनी. हे कुणाचं ऐकून सांगत न्हाय.”

आजवर तो तिला मॅडमच म्हणत आला होता.

“आन्… तुमचं?”

“मी आधी बोलले असते, तर तुम्ही लगेच हो म्हणाला असतात,” ती रडत-हसत म्हणाली. “म्हणून गप्प होते.”

“म्हंजे?”

“म्हणजे, इतक्या दिवसांत आपलं हे एकच खरं जुळलं.”

मग तिने तिथेच उभ्याउभ्या फोनवरून बेंगळुरूला होकार कळवला. एकाच हाताने टाइप करत होती, त्यामुळे बराच वेळ लागला. दुसरा हात बिरुदेवने धरला होता, आणि तो काही तिला सोडवून घ्यायचा नव्हता.