नव्या जोडीवरचा ओरखडा

बदामाचा बहर फेब्रुवारीत येतो. वारा सुटला की आमचं सगळं बेकर्सफील्ड शहर पांढरं होतं. माझी गाडी काळी आहे.

*

वॉकिंग बीम्स क्लबचा नियम चौथा : इंजिनावर १९५५ नंतर घडवलेलं काहीही चालणार नाही.

*

जळलेली भुवई परत उगवायला चार महिने लागतात. उगवते, पण तिरकी.

*

आम्ही बास्क लोक, मूळचे युरोपातले मेंढपाळ, भांडताना हातातला पाव खाली ठेवत नाही.

*

कार्ब्युरेटरचं काम एवढंच – हवा आणि पेट्रोल एकमेकांत मिसळायचं. प्रमाण चुकलं की इंजिन खोकतं, रुसतं... किंवा पेटतं.

*

"हात लावलात, आता घ्यावं लागेल," तो म्हणाला.

मार्चमधला रविवार. जत्रेच्या मैदानावर गाड्यांच्या जुन्या भागांचा बाजार भरला होता. त्याने टेबलावर फ्लॅनेलचा एक जुना शर्ट अंथरून त्यावर कार्ब्युरेटर मांडले होते. प्रत्येकाच्या अंगावर ९७ हा मॉडेलचा उठावदार आकडा. मी एक उचलला, त्याच्या झडपेचा दांडा चिमटीत धरून हलवला. डुगडुगला.

"याला संधिवात झालाय," मी म्हटलं.

"ऐंशी वर्षांचा आहे तो. तुम्ही ऐंशीच्या झालात की बघू किती ताठ राहता."

"तेव्हा मला कुणी इंजिनावर बसवणार नाही."

"ते..." तो हसला, "तेव्हाचं तेव्हा ठरवू."

नाव ऑरिन टटल. हात लांब, नखांत काळं, आणि कान असे की मनातलं सगळं आधी तिथे लाल होऊन दिसायचं.

"दांड्याभोवती बुशिंगची नवी कडी बसवून देतो," तो म्हणाला. "जन्मभर बघावं लागणार नाही."

"मागच्या वर्षी एकाने हेच सांगून मला कार्ब्युरेटरची जुनी जोडी विकली. घाटात गळली. पेट्रोल तापलेल्या इंजिनावर, आणि मी इंजिनावर वाकलेली." मी माझी डावी भुवई दाखवली.

त्याने बघितली. गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

"छान दिसते."

"कार्ब्युरेटर विकताय की काय विकताय?"

"दोन्ही जमतंय का ते बघतोय."

"मी नवी जोडी घेणार आहे. आजच्या कारखान्यातली, त्याच साच्याची, कोरी."

त्याचा चेहरा असा झाला, जणू मी त्याच्या आईच्या स्वयंपाकाला नाव ठेवलं. "नवी? बत्तीस सालच्या फोर्डवर? आणि तुम्हाला वॉकिंग बीम्सची पाटी हवीय?"

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या गाडीमागे दोन रिकाम्या साखळ्या लोंबतायत. सकाळीच बघितल्या मी."

पाटी टांगायच्या त्या साखळ्या मी पहिल्याच वर्षी लावल्या होत्या, गाडीला इंजिनसुद्धा नव्हतं तेव्हा. वॉकिंग बीम्स हा आमच्या खोऱ्यातला सर्वांत जुना क्लब. त्याची ओतीव अॅल्युमिनियमची पाटी विकत मिळत नाही. गाडी स्वतः बांधायची, स्वतः चालवत केर्न नदीच्या घाटातून वर न्यायची, आणि तिथे क्लबच्या वार्षिक नाश्त्याला क्लबचे प्रमुख, म्हातारे वर्ल पिकेट, चमचा घेऊन तुमचं इंजिन तपासणार. मी सहा वर्षं दिवसा शेतांमधले पाण्याचे पाइप जोडत होते आणि उरलेल्या वेळात ती गाडी. पाटी मला हवी होती. खूप हवी होती. पण भुवई मला दोनच आहेत.

नवी जोडी आली, बसवली. पहिल्याच झटक्याला गाडी सुरू झाली आणि घड्याळासारखी चालू राहिली.

शनिवारी माझ्या गॅरेजात ऑरिन हजर. काखेत जुनी जोडी, बुशिंग बदललेली.

"फक्त लावून बघा."

लावली. गाडी गुरगुरली, थरथरली, चौकातच बंद पडली. पुढच्या शनिवारी दुसरी जोडी. मग तिसरी. चौथ्या शनिवारी तो जोडी आणायला विसरला...

"मग आलास कशाला?" मी विचारलं. त्या दिवशी 'तुम्ही' कुठे गळून पडलं, आम्हा दोघांनाही कळलं नाही.

"पाव खायला."

बाबांनी भाजलेला मेंढपाळी पाव मी त्याला तोडून दिला. त्याने फडक्याची स्वच्छ बाजू शोधली – बराच वेळ शोधली – आणि माझ्या गालावरचं ग्रीस पुसलं.

"माइते," तो माझं नाव घेऊन हळू म्हणाला, "पिकेट तुला नाही म्हणतील. सरळ नाही."

"म्हणू देत."

"सहा वर्षं घातलीस."

"म्हणूनच. सहा वर्षांत एकही गोष्ट मी दुसऱ्याच्या मर्जीने बसवली नाही."

"हट्टी आहेस."

"आणि तू जुन्या जोडीसारखा. सारखा गळतोस."

कान लाल.

नाश्त्याच्या आदल्या दुपारी मला एका शेतावर फुटलेला पाइप जोडायला जावं लागलं. जाताना मी त्याला म्हटलं, "तेल बदलून ठेव," आणि गॅरेजची किल्ली दिली. एवढंच.

*

रविवार, जून. अंधारातच निघाले, इंजिनाकडे बघितलंही नाही; घाटात मी एकदाही थांबले नाही. माझ्या पुढे ऑरिनची गाडी, तिच्यामागे डुलणारी त्याची पाटी, खाली नदी फेसाळलेली. वर पोचल्यावर बावीस गाड्या, बिस्किटं म्हणतात त्या मऊ पावांचा आणि त्यांवरच्या पांढऱ्या रश्श्याचा वास, आणि वर्ल पिकेट : ऐंशीच्या पुढचे, पट्ट्याऐवजी सस्पेंडर, हातात चमचा.

माझ्या गाडीला बॉनेट नाही. ते थेट वाकले. चमच्याने एकेक कार्ब्युरेटर वाजवला, कान लावला, अंगठा ओला करून घासून बघितला.

"बघा रे सगळ्यांनी," ते म्हणाले. "ही खरी जोडी. एकोणचाळीसच्या आसपासची. रंग बघा, असा रंग नव्या मालाला सात जन्मांत येत नाही. पोरी, कुठे मिळाली?"

मी पुढे झाले. माझे कोरे, चकचकीत कार्ब्युरेटर काळपट, करडे झाले होते. तळाशी कारखान्याची बारीक खूण होती, ती कानशीने घासून टाकलेली.

मी ऑरिनकडे बघितलं. कान पेटलेले.

पिकेटनी पाटी पुढे केली. हातभर लांब, जड, उन्हात लखलखणारी. माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावर. गप्प राहिलं असतं तर...

"नवे आहेत ते," मी म्हटलं.

"काय?"

"एप्रिलमध्ये आलेत. कुणीतरी त्यांना म्हातारं केलंय. मी नाही केलं."

चमचा थांबला. बावीस गाड्यांची माणसं पुढे सरकली.

"मी केलं," ऑरिन म्हणाला. "तिला माहीत नव्हतं."

पिकेटनी पुन्हा वाकून बघितलं, बराच वेळ. मग सरळ होत म्हणाले, "पोरी, गाडी झकास आहे. जुनी जोडी बसवून ये. पाटी तुझीच."

"नाही बसवणार."

"नियम आहे, बाई."

"असू दे. पिकेट, तुम्ही अंगठ्याने, कानाने, चमच्याने बघितलंत आणि तुम्हाला फरक कळला नाही. मग नियम कसला सांभाळताय, लोखंडाचा की तारखेचा?"

"जिभेला लगाम आहे का हिच्या?" त्यांनी ऑरिनला विचारलं.

"शोधला. सापडला नाही."

कुणीतरी हसलं. पिकेट हसले नाहीत. त्यांनी ऑरिनकडे नुसता हात पुढे केला. खोटा भाग पुढे करणाऱ्याची पाटी जाते, हेही त्याच नियमांत आहे. ऑरिन त्याच्या गाडीमागे बसला, साखळ्यांच्या कड्या सोडवल्या आणि बारा वर्षांची पाटी त्यांच्या हातात ठेवली.

मी तोवर माझ्या गाडीत बसले होते. तो शेजारी येऊन उभा राहिला.

"मला वाटलं, तुला हवीय..."

"हवी होती. तुझ्या कानशीने नको होती."

"चुकलो."

"मला फुलं देणारे भेटलेत, ऑरिन. माझ्यासाठी खोटं करणारा पहिलाच. तुला कुणी सांगितलं की मी अपुरी आहे?"

त्याचा चेहरा उतरला. कानसुद्धा पांढरे.

मी सीटखालची तारेची घासणी काढून त्याच्याकडे फेकली. "घास. होते तसे कर."

त्याने घासले. भर उन्हात, शर्टाच्या बाह्या दुमडून, खाणावळीच्या खिडकीतून बघणाऱ्या अख्ख्या क्लबसमोर. अर्धा तास. काळं उतरलं, खालचं चकचकीत वर आलं. मग मी त्याला आखणीचा टोकदार खिळा दिला.

"खूण घासलीस ना? आता तिथे लिही."

"काय लिहू?"

"खरं ते."

त्याने वाकून, जीभ दातांत धरून, एकेक अक्षर कोरलं – नवे. दोन्हींवर. ओरखडा वाकडा आला, पण खोल.

"अजून एक खरं आहे," तो मान न उचलता म्हणाला. "तेही कोरू?"

"ते तोंडाने सांग. इंजिनावर जागा नाही."

त्याने सांगितलं. हळू, एकदाच, आणि वर बघून. मी शेजारच्या सीटवरचा पाव उचलून मांडीवर घेतला, म्हणजे तिथे जागा झाली.

"तुझी गाडी?" मी विचारलं.

"राहू दे इथेच. उद्या नेईन."

मी सुरू केली. पहिल्याच झटक्याला. मागे दोन रिकाम्या साखळ्या रस्ताभर वाजत राहिल्या, घाट उतरेपर्यंत, आणि मी त्या आजवर काढलेल्या नाहीत.

मार्चमधल्या त्या रविवारी, बाजारातून घरी पोचल्यावर, ऑरिनने त्याच्या आईला फोनवर सांगितलं होतं, तिनेच मला ते नंतर सांगितलं : एक मुलगी भेटली, तिचं सगळं चुकीचं आहे, आणि मला ती परत भेटायला हवीय.