तंबूबाहेर शंभरपर्यंत

मुलांनो, जरा डोळे मिटा.

मिटलेत? आता असं समजा की तुम्ही अकरा वर्षांचे आहात. तुम्ही एका तंबूत बसला आहात आणि बाहेर पाऊस पडतोय. कापड डोक्यापासून हातभर लांब आहे. ओलं, जड, खाली झुकलेलं. आणि मोठ्यांनी बजावलंय की त्याला आतून बोट लावायचं नाही.

एवढं डोळ्यांपुढे आलं का? मग ऐका. ही गोष्ट खरी आहे. जिच्या बाबतीत घडली ती मुलगी आता चांगली मोठी बाई आहे, आणि थापा मारणाऱ्यांतली नाही. तिने ही गोष्ट आयुष्यात एकदाच सांगितली. घडली तो वार शनिवार. जागा तळ्याकाठची. वेळ दिवेलागणीची.

तिला घरात सगळे ताई म्हणत, कारण तिच्या पाठीवर सहा वर्षांचा टिल्लू होता. बाबा बस चालवायचे. आई कपडे शिवायची. त्यामुळे कापडाच्या बाबतीत तिच्यापुढे कोणाचं काही चालत नसे. तरी बाबा वाद घालायचेच.

"तंबू घ्यायचा तर सुतीच," बाबा म्हणायचे. "सुती कापड श्वास घेतं. उन्हात आत भट्टी होत नाही."

"आणि भिजला की दोन माणसांचं ओझं होतो," आई म्हणायची. "वाळवणार कोण? तुम्ही? स्वतःचा टॉवेल तरी वाळत घालता का कधी? नायलॉनचा घ्या. झटकला की वाळला."

ताईच्या मामाचं तंबू दुरुस्तीचं दुकान होतं. तो या वादाला इतका कंटाळला, की त्याने दोन्ही तंबू काढून दिले. "सुट्टीत दोन्ही घेऊन जा. दोन्हींत झोपून बघा, मग ठरवा. पण माझं डोकं खाऊ नका," तो म्हणाला. मग मुलांकडे वळून त्याने सांगितलं, "पावसात सुती तंबूला आतून हात लावायचा नाही. जिथे बोट लागतं, तिथून पाणी झिरपायला लागतं. मग ते काही केल्या थांबत नाही."

शनिवारी, पहिल्याच दिवशी, तळ्याकाठी सुती तंबू लावला. संध्याकाळी रिमझिम सुरू झाली. आई-बाबा भांडी घासायला लांबच्या नळावर गेले.

"टिल्लूकडे लक्ष दे गं," आई जाताना म्हणाली.

टिल्लू पाच मिनिटं गप्प बसला. मग त्याने एक बोट वर केलं... आणि कापडाला लावलं.

टप.

ताईच्या पथारीवर थेंब पडला. मग दुसरा. मग धारच लागली. पथारी भिजली, उशी भिजली, वाचायला आणलेलं पुस्तक भिजलं.

"मी नाही केलं," टिल्लू म्हणाला. बोट अजून वरच होतं.

ताईने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं आणि दाराचे बंद आतून घट्ट बांधले.

"उभा राहा तिथेच. शंभर मोज. शंभर झाले की उघडीन."

आता इथे एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. टिल्लूला तीस येत नव्हतं. एकोणतीस झालं की त्याची गाडी पुन्हा वीसवर यायची. कितीही शिकवा, पुन्हा वीसच. घरात सगळे हसायचे.

ताईला हे पक्कं ठाऊक होतं. शंभर कधी होणारच नव्हते.

म्हणूनच तिने शंभर सांगितले.

"एक... दोन... तीन..." बाहेर रडका आवाज सुरू झाला. "अठ्ठावीस... एकोणतीस... वीस... एकवीस..."

ताई आत तोंड दाबून हसली.

दुसऱ्या फेरीत त्याचे दात वाजायला लागले. तिसऱ्या फेरीत तो मधेच थांबला.

"ताई, उघड ना गं. इथे कोणीतरी आहे."

"कोण आहे?"

"माहीत नाही. खूप उंच आहे." मग तो म्हणाला, "ताई, त्याच्यावर पाऊस पडत नाहीये."

"थापा मारू नकोस. मोज!"

"सत्तावीस... अठ्ठावीस... एकोणतीस..."

आणि मग काहीच नाही.

वीस नाही. रडणं नाही. नाक ओढल्याचा आवाजही नाही.

ताईने कान दिला. पाऊस चालूच होता. पण दाराच्या बाजूला... तो कापडावर वाजत नव्हता. बाकी तीन बाजूंनी तडतड चालली होती, आणि त्या एकाच बाजूला एकदम शांत. जणू कोणीतरी तिथे तंबूवर ओणवं झालं होतं.

"टिल्लू?"



मग आवाज आला. टिल्लूचाच. पण आता तो रडत नव्हता.

"तीस."

ताई दाराकडे सरकली.

"एकतीस. बत्तीस. तेहेतीस."

कुठे अडखळणं नाही, कुठे दम घेणं नाही. एकोणचाळीस. एकोणपन्नास. एकोणऐंशी. मोठ्यांचीही जिथे चूक होते, तिथेसुद्धा सरळ.

"शंभर. उघड."

'ना गं' नव्हतं त्यात.

तिने बंद सोडले. दारात टिल्लू उभा होता. एकटाच. इतका वेळ पावसात उभा होता, आणि त्याचे केस... कोरडे होते. सदरा कोरडा. पायसुद्धा कोरडे.

त्या क्षणी ताईच्या मनात काय आलं, माहीत आहे? बरं झालं. भिजला नाही, म्हणजे आई ओरडणार नाही.

एवढंच आलं.

"आईला सांगायचं नाही हं," ती म्हणाली.

"नाही सांगणार," टिल्लू म्हणाला. "तूही सांगू नकोस."

रविवारी सुती तंबू वाळत घातला. ओला गुंडाळला तर बुरशी धरते. रात्री सगळे नायलॉनच्या तंबूत झोपले. सोमवारी सकाळी ताईला जाग आली ती बाबांच्या बोलण्याने. ते पाठीवर पडून छताकडे बोट दाखवत होते.

"बघा, हा तुमचा नायलॉन! आपला श्वास बाहेर जाऊ देत नाही. रात्रभर आपण जो श्वास सोडतो, त्याचं पाणी होऊन वर चिकटतं. हा माझ्या डोक्यावरचा डाग बघा, केवढा मोठा!"

"घोरता की तेवढे," आई म्हणाली.

खरंच, छतावर थेंबांचे गोल जमले होते. बाबांच्या डोक्यावर मोठा. आईच्या डोक्यावर एक. ताईच्या डोक्यावर एक.

आई वर बघतच राहिली. कापडावरची साधी सुरकुतीही तिच्या नजरेतून सुटत नसे.

"टिल्लूच्या डोक्यावर कोरडं कसं?"

"पांघरुणात तोंड घालून झोपला असेल."

"पांघरूण पायाशी आहे त्याच्या," आई म्हणाली.

टिल्लू उठून बसला होता. सगळ्यांकडे बघून हसत होता.

दुपारी आईने ताईला बाजूला घेतलं. "शनिवारी आम्ही नळावर गेलो होतो, तेव्हा काही झालं का?"

"नाही."

"नीट आठव. शनिवारपासून हा एकदाही रडला नाही. पाणी मागितलं नाही. माझ्या कुशीत आला नाही."

"मोठा झालाय तो," ताई म्हणाली.

आईने तिच्याकडे खूप वेळ बघितलं. "आज त्याला मी माझ्याजवळ घेते. उद्या उठल्या उठल्या आधी वर बघणार आहे. आणि तेव्हाही तिथे कोरडं असलं ना, तर शनिवारचं सगळं मी तुझ्याकडून काढून घेणार. कळलं?"

मंगळवारी ताई पहाटेच जागी झाली. नुकतं फटफटत होतं. पाऊस नव्हता, वाराही नव्हता.

बाहेरून कोणीतरी कापडावर नख ओढलं... अगदी खाली. लहान मुलाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर.

"ताई..."

आवाज घोगरा झाला होता. दोन दिवस, तीन रात्री रडलं की होतो तसा.

"ताई, मला तीस आलं. खरंच आलं. आता तीसच्या पुढे काय गं?"

ताईचा हात दाराच्या चेनपर्यंत गेला. एक ओढ, की दार उघडलं असतं.

"सांगू नकोस त्याला," आतला टिल्लू म्हणाला.

तो आईच्या शेजारी उताणा पडला होता. डोळे मिटलेले. ओठ हलले नव्हते.

ताईने वर बघितलं. बाबांच्या डोक्यावर थेंब. आईच्या डोक्यावर थेंब. आणि दोघांच्या मधे, टिल्लूच्या डोक्यावर... नखाएवढाही ओलावा नाही.

"ताई, थंडी वाजतेय गं," बाहेरून आवाज आला.

दार उघडलं तर सगळं सांगावं लागणार होतं. त्याला बाहेर कोणी काढलं. बंद कोणी बांधले. शंभर कोणी सांगितले.

आईने कूस बदलली. झोपेतच तिने विचारलं, "उजाडलं का गं?"

ताईने चेनवरचा हात काढला.

ती गुडघ्यांवर सरकत आईजवळ गेली. आवाज न करता टिल्लूच्या अंगावर ओणवी झाली. मान वर करून तिने तोंड त्या कोरड्या जागेला अगदी जवळ नेलं, आणि हळूहळू त्यावर श्वास सोडायला लागली.

एकदा. दोनदा. तीनदा.

खाली टिल्लूने डोळे उघडले होते आणि तो तिच्याकडे बघत होता. बाहेर कोणीतरी पुन्हा एकपासून मोजायला लागलं होतं.

कापडावर थेंब जमेपर्यंत ती थांबली नाही.