थ्रेडिंग बंद

शनिवारी सकाळी साडेदहाला, उडुपीतल्या डॉ. उषा किणींच्या त्वचेच्या दवाखान्यातून सुप्रीता कोटियानला काहीही उपचार न करता परत पाठवण्यात आलं. कारण साधं होतं. हनुवटीवरचे केस घालवायला ती आली होती, आणि डॉक्टरांसमोर तसंच बसायची लाज वाटली म्हणून आदल्या संध्याकाळी थ्रेडिंग करून आली होती.

"अगं, पाहुणे येणार म्हणून घर आवरतात. मला इथे पसाराच बघायचा असतो," भिंग बाजूला ठेवत डॉ. किणी म्हणाल्या. "लेझर केसाचा काळा रंग धरून मुळापर्यंत उतरतो. तू मूळच उपटून आलीस. आता महिनाभर दोरा नाही, वॅक्स नाही. पाळी अनियमित म्हणतेस, तर रक्तही तपासून घे. आतलं कारण तसंच राहिलं तर केस पुन्हा येणार. आणि तोवर फार वाटलं तर वस्तरा फिरव."

"हनुवटीवर? वस्तरा?"

"मग काय, विळा?"

सुप्रीता बाहेर येऊन बाकावर टेकली. जवळच्या ब्रह्मावर गावातल्या कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची. फळ्यावर तिचा हात कधी अडला नव्हता, पण पहिल्या बाकावरची एखादी मुलगी तिच्या हनुवटीकडे बघू लागली की वाक्य अर्ध्यात तुटायचं. महिनाभर असं राहायचं?... तिने कापू गावातल्या मावसबहिणीला, वीणक्काला फोन लावला. वीणक्काच्या पार्लरमध्ये लाइटचं नवं मशीन आलं होतं.

"हो वीणक्का, लाइटच करू. लेझर काय, लाइट काय, एकच."

"एकच नाही हो, मारायरे!"

शेजारचा तरुण बोलला होता, 'अहो राव' म्हणावं तशा सुरात. गालाला धरलेला रुमाल त्याने खाली घेतला. जबड्याच्या कडेने फिकट चौकोन होते, ओळीने बसवलेल्या फरशांसारखे.

"हे लाइटचं. माझी घाई, वर उन्हात रापलेलो. लेझर म्हणजे एकाच रंगाचा उजेड, तो नेमका केसाकडे जातो. लाइटमध्ये सगळे रंग एकत्र. गोऱ्या माणसाला चालत असेल. मला बघून मशीनला वाटलं, हा सगळाच केस!"

सुप्रीताला हसू फुटलं. हसताना हात सवयीने हनुवटीवर गेला.

त्याचं नाव सुधन्व ऐताळ. यक्षगानाच्या फिरत्या मेळात तो राण्यांची सोंगं करायचा. दिवाळीनंतर सहा महिने रोज नवं गाव, रोज संध्याकाळी साल निघेपर्यंत दाढी आणि त्यावर रंग. पावसाळ्यात मेळ बंद, ऊनही नाही, म्हणून उपचार आत्ता.

"म्हणजे तुम्हाला बाई दिसायला केस नकोत," ती म्हणाली.

"आणि तुम्हाला?"

"मलाही... त्याचसाठी."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले, मग एकदमच हसले.

"पण वस्तऱ्याने दाट येतात म्हणे," ती हळू आवाजात म्हणाली.

"तसं असतं तर टकल्यांनी न्हाव्याकडे रांग लावली असती." त्याने खिशातलं पेन काढून स्वतःच्या गालावर धरलं. "हे बघा. कातडी ओली हवी. दोन बोटांनी ताणायची. केस ज्या अंगावर झोपलाय त्याच अंगाने जायचं... त्याला उठवायचं नाही."

तिने स्वतःचं पेन हनुवटीला लावलं.

"उलटं — उलटं जाताय!"

त्याने हात पुढे केला, तिच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर थांबवला आणि हवेतच दिशा दाखवली. तेवढ्याने तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

वीणक्काला तिने नाही म्हणून कळवलं. वीणक्का रुसली. पुढचे शनिवार देवळाभोवतीच्या रथबीदीजवळच्या हॉटेलात गेले, गरम बन्स, म्हणजे केळं घातलेल्या फुगीर पुऱ्या, आणि कॉफीवर. तो मेळातल्या गायक भागवतांच्या नकला करायचा, ती वर्गातल्या पोरांच्या. सुप्रीता दर वेळी घरून वस्तरा फिरवूनच निघायची. त्याला माहीत होतं सगळं. पण माहीत असणं वेगळं आणि दिसणं वेगळं. दिसल्यावर त्याच्या नजरेत काय उरेल, हे तिला बघायचं होतं, आणि बघायची भीतीही होती.

एका शनिवारी ती तशीच गेली. दारात छत्री मिटताना पाय मागे वळू पाहत होते. हनुवटीवर काळे, राठ खुंट होते. ती समोर बसली आणि हात मुद्दाम मांडीवर ठेवले.

त्याने पाहिलं. नजर हटवली नाही, रोखलीही नाही.

"आज वस्तरा नाही?"

"नाही."

"बरं. बन्स आत्ताच तळलेत, लगेच खा."

ती थांबली. कीव येईल, नाहीतर तशाच सुंदर दिसता वगैरे काही येईल, अशी तिची तयारी होती. दोन्ही आलं नाही. तिने बन्स तोडला. वाफेने बोटं भाजली तरी सोडला नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात दोघं पुन्हा दवाखान्यात होते. सुप्रीताचं पहिलं लेझर झालं. रबर ताणून सोडावं तसे चटके, वर बर्फ. आता सुधन्वची पाळी होती, आणि तो उठत नव्हता.

"जबड्याचं ठरलंय," तो म्हणाला. "मिशीचं काय करू? आई म्हणते, लग्नात तरी ओठावर मिशी दिसू दे. लेझर सुरू केलं की ती परत येईलच असं नाही."

"मला का विचारता?"

"रोज बघायची कुणाला आहे?"

तिने बर्फाची पिशवी हनुवटीवर दाबली. मग म्हणाली, "आटी चालू आहे. या अशुभ महिन्यात लग्नाचं असलं काही विचारतात का?"

"आटी तुम्हा तुळूवाल्यांची. आमच्या कुंदापुरात आसाडी."

"महिना तोच!"

"नाव वेगळं आहे ना... सांगा."

"चेहरा तुमचा, ओठ तुमचा. मी काही बोलले तर पुढची वीस वर्षं ऐकवाल, तुझ्यामुळे गेली म्हणून."

"म्हणजे वीस वर्षं नक्की?"

 सुप्रीताच्या हातातली बर्फाची पिशवी हनुवटीवरून गालावर गेली. तेवढ्यात नर्सने हाक मारली आणि तो आत गेला.

थोड्या वेळाने नर्स बाहेर आली. "मॅडम, ते म्हणतात, ओठाचं तुम्हाला विचारून घ्या. तुम्ही त्यांच्या कोण?"

बाकावरच्या सगळ्यांनी वर पाहिलं. सुप्रीता उठली.

"चष्मा द्या," ती म्हणाली. "आतच सांगते."

नर्सने तिला लेझरपासून डोळे वाचवणारा काळा चष्मा दिला. दार लागलं, वर लाल दिवा पेटला.

आत काय बोलणं झालं ते बाहेर कळलं नाही. पेशंटच्या गोष्टी डॉ. किणी कुणाला सांगत नाहीत. दोघं बाहेर आले तेव्हा सुधन्वचा जबडा लाल होता आणि नाकाखाली बर्फाची पिशवी होती. ती सुप्रीताने धरली होती. खाली लेझरची लाली होती की नुसतीच मिशी, ते दिसत नव्हतं.

आटी अजून संपलेली नाही. दोघांच्याही घरी काही सांगितलेलं नाही.