अँटेनाची तिसरी जागा

बाबांचा पाय मोडला होता आणि जंगलापलीकडच्या पहारा-चौकीत ते एकटेच पडले होते. त्यांना घरी आणायचं! त्यासाठीच आक्काने ट्रक काढला. बाबांना जुना खटारा दिसू नये म्हणून त्याला स्वतः दोन हात रंगही दिला. धाकटा भाऊ जवळ आला की ओरडायची, "हात लावून बघ!"

रेडिओ भावाकडे. दुसऱ्या टोकाला आई, स्वयंपाकघरातल्या टेबलावर सेट मांडून.

"अँटेना छतावर," भाऊ म्हणाला. "जितकी उंच तितकी बरी."

"आणि फांद्या काय तुझ्या मेव्हण्या लागतात, वाकून वाट द्यायला?"

छत.

काड! जंगलातल्या पहिल्याच फांदीने अँटेना उडवली. आक्का नुसती गुणगुणत राहिली. भावाला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

पुढचा बंपर.

जवळची दुसरी अँटेना तिथे बसली. घर मागे मागे पडत गेलं, तरी आईचा आवाज स्वच्छ. "जेवलात का रे?"

चौकीच्या दारात बाबा बसले होते. दाढी वाढलेली, पाय दोन फळ्यांत बांधलेला. "केवढा चकचकीत ट्रक! कोणाचा?" आक्काने तोंड फिरवून डोळे पुसले.

परतताना नदी आडवी आली. जाताना घोटाभर होती, आता डोंगरातलं पाणी येऊन फुगत होती. निम्म्यात ट्रक रुतला. पाणी चढू लागलं! त्या ओढीत बाबांना पाठीवर नेणं अशक्य. काठापलीकडच्या काकांचा ट्रॅक्टर हवा, आणि त्यांना सांगणार आईच.

रेडिओत नुसती खरखर.

"जाताना तर ऐकू येत होतं! बदललं काय?"

"तोंड," भाऊ म्हणाला. "ट्रकचं तोंड, आक्का! अँटेनाचा जोर ट्रकच्या अंगावरून पलीकडे जातो. तेव्हा घर मागे होतं. आता पुढे आहे."

"मग मागे लाव ना!"

मागचा कोपरा.

भाऊ खाली उतरला. कमरेपर्यंत पाणी. वायर दातांत. अँटेनाची पकड आवळली. खरखरच! पुढचा बंपर बिनरंगाचा होता; इथे मात्र नव्या रंगामुळे लोखंडाला लोखंड भिडत नव्हतं. भावाने आक्काकडे पाहिलं. रंग खरवड असं सांगायची हिंमत होईना.

तिने त्याच्या हातातून स्क्रूड्रायव्हर ओढला आणि स्वतःच रंग खरवडू लागली. खर्र! खर्र! नवा रंग पाण्यातून वाहत गेला. पांढरं लोखंड दिसलं. पकड बसली.

"...उशांचे अभ्रे बदललेत. तुम्हाला ऐकू जात नसेल, तरी मी बोलत राहणारे. गप्प बसले तर मला..."

"आई!"

तिकडे खुर्ची खरकन मागे सरकल्याचा आवाज. मग, "कुठे आहात? फक्त जागा सांग!"

ट्रॅक्टर आला तेव्हा पाणी दाराच्या खिडकीला लागलं होतं आणि दोघांनी बाबांना कसंबसं टपावर चढवलं होतं. काकांनी आणि दोघा भावंडांनी बाबांना बाजेसारखं आडवं उचलून टपावरून ट्रॅक्टरवर उतरवलं.

दोन दिवसांनी अंगणात आक्का त्या उघड्या लोखंडावर बोटाने हळूहळू ग्रीस लावत होती. भाऊ रंगाचा डबा घेऊन आला.

"बुजवू का ओरखडा?"

"हात लावून बघ!"