चाळीस दिवसांची घुटी

ग्लेंडा मिरजेतल्या कारखान्यात शिरली, तेव्हा तिची बेस गिटार अजून ऐकतच होती.

छताला तंबोऱ्यांचे भोपळे टांगलेले होते. त्यांच्याखाली, मलमलीच्या फडक्यात, चार तारांचं ते वाद्य आडवं ठेवलं होतं. पाठीला बटणाएवढा स्पीकर चिकटवलेला. जवळ जाऊनही काही ऐकू येत नव्हतं. हात टेकवला की मात्र तळव्याला हलकी थरथर जाणवायची.

“आज चाळिसावा दिवस,” रुक्साना आपा म्हणाल्या. “पोट भरलंय त्याचं. बस की.”

आपांच्या घरात चार पिढ्या सतारी घडल्या होत्या. गेली सहा वर्षं त्या शिकत्या लाकडाच्या गिटारी घडवत होत्या. या लाकडात एका बुरशीचे केसाहून बारीक तंतू वाढवलेले असतात. ज्या सुराला लाकूड वारंवार थरथरतं, त्या सुरासाठी तंतू सैल होतात. जो कधी कानावर पडत नाही, त्याला घट्ट बंद. वर्षभरात ते वाद्य त्याच्या वाजवणाऱ्याच्या हातासारखं होतं. कोऱ्या लाकडाला सुरुवातीला मात्र कुणाचं तरी वादन चाळीस दिवस ऐकवावं लागतं. त्याला कारागीर घुटी म्हणत.

ग्लेंडाने पपांचं वादन दिलं होतं. अँब्रोज घोन्साल्विस वसईतल्या लग्नांच्या बँडमध्ये एकतीस वर्षं बेस वाजवत. ईस्टरनंतरच्या आठवड्यात ते गेले, आणि तिची रोजची गिटार तिला परकी वाटू लागली. तिने जपानी वाजवून पाहिली, जर्मन पाहिली. एकूण अकरा, एकाहून एक नामांकित. प्रत्येकीवर ती पपांची एकच संथ ओळ वाजवायची, नवरानवरी मांडवात नाचायला उतरत तेव्हाची, आणि वाद्य परत ठेवायची. नेमकं काय हवंय, असं दुकानदार विचारत. तिला सांगता येत नसे.

आता तिने फडकं काढलं, वाद्य मांडीवर घेतलं. पहिला सूर घरच्या माणसासारखा, दार न वाजवता आत आला. ठेक्याच्या किंचित मागे. पपांचाच.

मग खालच्या तारेवर एका पडद्याशी सूर उमटला आणि तिथेच विझला. तिने पुन्हा वाजवलं. पुन्हा विझला.

“मुका आहे हा पडदा,” ती हळू आवाजात म्हणाली.

आपांनी कान लाकडाला लावला. “हा सूर त्यानं कधी ऐकलाच नाही. रेकॉर्डिंग धुतलंस काय गं?”

“साफ केलं. लग्नाच्या व्हिडिओतलं होतं, आपा. ताटं, फटाके, माणसं... मी स्टुडिओत हेच काम करते. फक्त बेस ठेवला.”

“हौस बघा पोरीची! लग्नातनं लग्नच काढून टाकलं. मूळचं आहे?”

मूळचं तिच्या फोनमध्ये होतं. पपा गेल्यापासूनच्या तीन महिन्यांत तिने ते एकदाही ऐकलं नव्हतं, न ऐकताच यंत्राकडे साफ करायला दिलं होतं. आपांनी ते लावलं. ताटांचा खणखणाट झाला, कुणीतरी आइस्क्रीम संपल्याची ओरड केली. मग अगदी जवळून सात वर्षांच्या ग्लेंडाचाच आवाज आला, “पपा, मला झोप येते.” बेस थांबला नाही. त्याच्यावर पपांची गुणगुण सुरू झाली. त्याच खालच्या सुरात, मुलीला थोपटावं तशी.

ग्लेंडाला कळलं. यंत्राने गुणगुण काढली, आणि तिच्यासोबत तिच्याखालचा सूरही खरवडून नेला. काढायला तिनेच सांगितलं होतं.

“नवं लाकूड घेऊ,” आपा म्हणाल्या. “हे सगळं, ताटांसकट, ऐकवू. आणखी चाळीस दिवस.”

“मग पपा राहतील त्यात?”

आपांनी हातातली कानस खाली ठेवली. “तू वाजवलंस तर वर्षभरात तुझा हात बसेल. त्यांचा जाईल.”

“आणि नाही वाजवलं तर?”

“तंतू सुकतात. मग ते कुणाचंच राहत नाही. माझ्या अब्बांच्या हातचा एक तंबोरा, साध्या लाकडाचा, मी असाच जपून ठेवला होता, काचेच्या कपाटात. तोही मुका झाला.”

उन्हाची तिरीप भोपळ्यांवरून भिंतीकडे सरकली. ग्लेंडाने डोळे मिटले आणि ती ओळ पुन्हा सुरू केली. मुक्या पडद्याशी आली, तार छेडली, पुढे गेली. दुसऱ्यांदा आली, पुढे गेली. कितव्यांदा कुणास ठाऊक, पण त्या पडद्यावरचा सूर विझला नाही. जाडसर, उबदार, मांडीपर्यंत पोचत तो रेंगाळत राहिला.

तिने दचकून हात थांबवला. सूरही थांबला.

“आपा, तुम्ही ऐकलंत? त्याला तर हा सूर माहीतच नव्हता.”

रुक्साना आपांचा तळवा वाद्याच्या पाठीवर होता. त्या तिच्याकडे बघत होत्या.

“अगं, तू गुणगुणत होतीस. छाती लाकडाला टेकवून. कळलं नाही तुला?”

तिला खरंच कळलं नव्हतं. वाजवताना तीही पपांसारखी गुणगुणते, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तिने वाद्य पुन्हा छातीशी धरलं. आत कुठेतरी केसाहून बारीक तंतू सैल व्हायला लागले असतील. पण कुणाच्या गुणगुणीने, तिच्या की पपांच्या?